कॅल्शियमची किल्ली

मैत्रिणींनो, आमच्या मंडळातर्फे वस्तीतल्या गरोदर बायकांची चौकशी करायला मी दर आठवड्याला जाते. दोन वर्षांपूर्वी अशीच एक मुलगी होती. मुलगीच म्हणायची, जेमतेम वीस-एकवीस वर्षांची. आठवा महिना चालू होता. दोन दिवस डोकं ठणकतंय म्हणून पडून होती, पाय आणि तोंड सुजलेलं. तिची आई म्हणाली, दिवस भरत आले की सुजतातच पाय, आम्हाला नाही का सूज आली? मीही तेव्हा पुरेसा आग्रह धरला नाही, ही चूक माझीच. तिसऱ्या दिवशी पहाटे आशाताईंचा फोन आला. पोरीला फिट आली होती. दातखीळ बसली होती आणि हातपाय झाडत होती.

रिक्षातून तिला रुग्णालयात नेलं. सिस्टरनी कमरेत दोन्ही बाजूंना दोन मोठी इंजेक्शनं दिली. मॅग्नेशियम सल्फेट. फिट थांबली. त्यानंतर दर चार तासांनी एक इंजेक्शन. पण प्रत्येक इंजेक्शनाआधी सिस्टर एक गंमत करायच्या. म्हणजे आम्हाला ती गंमतच वाटली. त्या छोट्या रबरी हातोडीने पोरीच्या गुडघ्याखाली टक् करून ठोकायच्या आणि पाय उडतो का ते बघायच्या. मग श्वास मोजायच्या, लघवी किती झाली ते लिहायच्या आणि मगच सुई टोचायच्या. शेजारच्या ट्रेमध्ये कॅल्शियमची एक काचेची कुपी कायम तयार ठेवलेली.

न राहवून मी विचारलंच. सिस्टरनी सांगितलं की मॅग्नेशियम अंगात जास्त झालं की आधी गुडघ्याची ही उडी जाते. तरीही देत राहिलं तर श्वासाचे स्नायू ढिले पडतात. तसं झालंच तर उतारा म्हणजे ती कॅल्शियमची कुपी.

मला नवल वाटलं. कॅल्शियम म्हणजे हाडं, दात, दूध, नाचणी एवढंच आपल्याला ठाऊक. त्याचा श्वासाशी काय संबंध? आई आणि बाळ दोघंही सुखरूप आहेत हे कळल्यावर डॉक्टर मॅडमना मी तेच विचारलं. त्यांनी थोडक्यात समजावलं आणि एक नाव सांगितलं, सर बर्नार्ड कॅट्झ. म्हणाल्या, तुम्हाला वाचायची आवड आहे ना, मग यांच्याविषयी वाचा. मी वाचलं, आणि आज तेच तुम्हाला सांगावंसं वाटतंय.

बर्नार्डचा जन्म 26 मार्च 1911 चा, जर्मनीतल्या लाइपझिग शहरातला. वडील रशियातून आलेले ज्यू, फरचा व्यापार करणारे. बर्नार्ड त्यांचा एकुलता एक. लाइपझिगला जन्मला, तिथलीच भाषा बोलला, तिथेच शिकला, पण जर्मन नागरिकत्व काही त्याला मिळालं नाही. रशियात 1917 साली क्रांती झाली आणि तिकडचंही नातं संपलं. म्हणजे हा मुलगा कुठल्याच देशाचा नव्हता. जन्मगावात राहूनही परकाच. ज्या शाळेत जायचं त्याच्या मनात होतं, तिथे त्याला घेतलं नाही. दुसऱ्या शाळेत प्रवेश मिळाला.

त्याला बुद्धिबळाचं भारी वेड. गणिताची बाजू घ्यायची की लॅटिन-ग्रीकची, असा प्रश्न आला तेव्हा त्याने भाषा निवडल्या, कारण त्यात अभ्यास कमी आणि पटापुढे बसायला वेळ जास्त! पुढे ज्याला नोबेल मिळालं, तोही आपल्या मुलांसारखाच होता, हे वाचून मला बरं वाटलं.

1929 मध्ये त्याने लाइपझिग विद्यापीठात डॉक्टरीला प्रवेश घेतला. तिथे नसा आणि स्नायू कसे चालतात याची त्याला गोडी लागली. नस म्हणजे रक्ताची शीर नव्हे बरं का. मेंदूचे आणि पाठीच्या कण्याचे निरोप अंगभर पोचवणारी ती नस, पुस्तकात जिला मज्जातंतू म्हणतात. विद्यार्थी असतानाच त्याने या विषयात चांगलं संशोधन केलं आणि 1933 मध्ये विद्यापीठाच्या एका मानाच्या पारितोषिकासाठी त्याची निवड झाली.

पण 1933 साली जर्मनीत हिटलर सत्तेवर आला होता. ज्यू विद्यार्थ्याला पारितोषिक देणं आता शक्य नव्हतं. त्याचे प्राध्यापक गिल्डमायस्टर यांना तसं जाहीर करावं लागलं. पण त्यांनी पारितोषिकाची रक्कम गुपचूप बर्नार्डच्या हातात ठेवली. उघडपणे विरोध करायची हिंमत झाली नाही, पण अन्यायही गिळवला नाही. अशी माणसं आपल्याही आसपास असतात. त्यांना शूर म्हणावं की नाही, मला कळत नाही. पण ज्याच्या हातात ते पैसे पडले, त्याला त्यांची किंमत नक्की कळली असणार.

त्याच सुमाराला इंग्लंडमध्ये आर्चिबाल्ड हिल नावाचे शास्त्रज्ञ होते. स्नायूंवरच्या कामासाठी त्यांना 1922 चं नोबेल मिळालेलं. जर्मनीत ज्यू विद्वानांना कसं हाकलून लावलं जातंय याविषयी त्यांनी जाहीर भाषण केलं. ते ‘नेचर’ या साप्ताहिकात छापून आलं. त्याला नाझींच्या बाजूने उत्तर दिलं ते योहानेस श्टार्क या जर्मन नोबेलविजेत्याने. हिल यांनीही मग त्याला खणखणीत जबाब दिला. लाइपझिगमध्ये हा वाद बर्नार्डच्या वाचनात आला आणि त्याने मनाशी ठरवलं, जायचं तर या माणसाकडेच.

1934 मध्ये डॉक्टरीची पदवी हातात पडली आणि फेब्रुवारी 1935 मध्ये कॅट्झ इंग्लंडच्या हारविच बंदरावर उतरले. वय तेवीस. खिशात चार पौंड. पासपोर्टऐवजी हातात होता तो देश नसलेल्या माणसांना मिळणारा कागद.

हिल यांनी त्यांना लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या आपल्या प्रयोगशाळेत घेतलंच, शिवाय हायगेटमधल्या आपल्या घरातही ठेवून घेतलं. आता मैत्रिणींनो, घरात एखादं परकं माणूस ठेवून घ्यायचं म्हटलं की ते खरं कोणावर पडतं हे आपल्याला वेगळं सांगायला नको. म्हणून मी मुद्दाम हिलबाईंविषयीही वाचलं. मार्गारेट हिल त्यांचं नाव. प्रसिद्ध अर्थतज्ज्ञ केन्स यांच्या त्या बहीण. पण त्यांची स्वतःची ओळखही मोठी होती. गरिबांना आणि म्हाताऱ्या माणसांना राहायला धड जागा मिळावी म्हणून त्या झटल्या. 1933 मध्ये त्यांनी त्यासाठी हॉर्न्सी हाउसिंग ट्रस्ट नावाची संस्था काढली. नवरा बेघर विद्वानांसाठी धडपडतोय आणि बायको बेघर म्हाताऱ्यांसाठी! अशा घरात कॅट्झना आसरा मिळाला. लंडनची ही वर्षं आपल्या आयुष्यातली फार प्रेरणादायी वर्षं होती, असं ते पुढे सांगत.

1938 मध्ये त्यांना लंडनची डॉक्टरेट मिळाली. 1939 मध्ये ते ऑस्ट्रेलियात सिडनीला गेले. तिथे जॉन एक्लस यांच्याकडे स्टीफन कफलर नावाचे हंगेरीत जन्मलेले आणखी एक निर्वासित होते. तिघे मिळून एकाच प्रश्नाच्या मागे लागले. नस स्नायूला निरोप देते, तो नेमका कसा?

प्रश्न वाटतो तितका सोपा नव्हता. नसेतून विजेसारखी लहर धावते हे ठाऊक होतं. पण नसेचं टोक स्नायूला चिकटलेलं नसतं. मध्ये फट असते. किती? तर केसाच्या जाडीचा साधारण हजारावा भाग. मग ही लहर फट ओलांडते कशी? एक्लस त्या काळी विजेच्या बाजूचे होते. दुसरा पक्ष म्हणत होता की नसेच्या टोकातून एक रसायन सुटतं आणि ते स्नायूला जागं करतं. या रसायनाचं नाव ॲसिटाइलकोलीन. याच कामासाठी हेन्री डेल आणि ओटो लोवी यांना 1936 चं नोबेल मिळालं होतं. कॅट्झ या दुसऱ्या पक्षाकडे झुकले.

मधे महायुद्ध आलं. 1941 मध्ये कॅट्झना ब्रिटिश नागरिकत्व मिळालं. तिशीत आल्यावर, जन्मात पहिल्यांदा त्यांना कुठला तरी देश मिळाला! लगेच पुढच्या वर्षी ते ऑस्ट्रेलियाच्या हवाई दलात रडारचे अधिकारी म्हणून भरती झाले. 1945 मध्ये सिडनीच्या मार्गरीट पेन्ली यांच्याशी त्यांचं लग्न झालं. घरात त्यांना रिटा म्हणत. हिल यांनी पुन्हा बोलावलं आणि 1946 मध्ये हे जोडपं लंडनला आलं. पुढे त्यांना दोन मुलगे झाले.

आता खऱ्या शोधाकडे येते. थोडं सावकाश वाचा, अवघड काही नाही.

1950 च्या आसपास कॅट्झ आणि त्यांचे सहकारी पॉल फॅट बेडकाच्या स्नायूवर काम करत होते. केसाहूनही कितीतरी बारीक टोक असलेली काचेची नळी स्नायूत घालायची आणि तिथली वीज मोजायची. नस जिथे स्नायूला भेटते त्या जागी नळी ठेवली, तर यंत्राच्या पडद्यावर काहीतरी टिचटिच उड्या दिसायला लागल्या. नसेला कुणी डिवचलेलं नाही, स्नायू स्वस्थ पडलेला, तरी साधारण सेकंदाला एक बारीकशी उडी. मापायला गेलं तर व्होल्टच्या एक हजाराव्या भागाच्याही अर्धी.

कुणीही म्हटलं असतं, यंत्रात खरखर आहे. आपण नाही का रेडिओवर थापटी मारत? या दोघांनाही आधी तीच शंका आली. पण त्यांनी ती खरखर पुसून टाकली नाही, बसून बघत राहिले. तेव्हा लक्षात आलं की या उड्या फक्त नसेच्या टोकापाशीच दिसतात, जरा बाजूला सरकलं की नाहीत. ॲसिटाइलकोलीनचं काम अडवणारं औषध घातलं की त्या लहान होतात, त्याचं काम वाढवणारं औषध घातलं की मोठ्या होतात. म्हणजे खरखर यंत्रातली नव्हती. नस निवांत असतानाही तिच्या टोकातून रसायन थोडं थोडं सुटत होतं.

मग स्पेनहून आलेले होसे देल कास्तियो त्यांना येऊन मिळाले. दोघांनी 1954 मध्ये एक युक्ती केली. स्नायू ज्या खारट पाण्यात ठेवतात, त्यातलं कॅल्शियम कमी केलं आणि मॅग्नेशियम वाढवलं. आता नसेला डिवचलं तर स्नायूचं उत्तर अगदी क्षीण झालं. पण कसं क्षीण? कधी त्या एका बारीक उडीएवढं, कधी दोन उड्यांएवढं, कधी तीन, कधी काहीच नाही. दीड कधी नाही, अडीच कधी नाही.

याचा अर्थ काय? आपल्या भाषेत सांगायचं तर हे रसायन सुटं मिळत नाही. वाण्याने सारख्या वजनाच्या पुड्या बांधून ठेवाव्यात तसं ते पुड्यांमध्ये असतं. द्यायचं तर एक पुडी, दोन पुड्या. अर्धी पुडी नाही. एका पुडीत हजारो रेणू. स्वस्थ असताना चुकून एखादी पुडी सुटते, ती ती बारीक उडी. आणि निरोप आला की एका क्षणात शंभर-दोनशे पुड्या एकदम सुटतात, तेव्हा स्नायू आकसतो. त्याच सुमारास इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली नसेच्या टोकात इवल्या इवल्या पिशव्यांची गर्दी दिसली, आणि हिशेब जुळला.

पण एकदम शंभर पुड्या सोडायला सांगतं कोण? कॅल्शियम नसेल तर नसेचा निरोप स्नायूला पोचत नाही, हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच दिसलं होतं. पण का, ते ठाऊक नव्हतं. इथे कॅट्झना मेक्सिकोहून आलेले रिकार्डो मिलेडी भेटले. दोघांचे प्रयोग रात्री उशिरापर्यंत चालत. नसेतली विजेची लहर त्यांनी पफर माशाच्या विषाने बंद केली आणि नसेच्या टोकाला स्वतःच विजेचा छोटा धक्का दिला. भोवतालच्या पाण्यात कॅल्शियम नव्हतं. फक्त एका बारीक नळीतून ते हव्या त्या क्षणी थेंबभर सोडता येत होतं.

धक्क्याच्या जरा आधी कॅल्शियम सोडलं, तर पुड्या सुटल्या. धक्का देऊन झाल्यावर सोडलं, तर काहीच नाही. फरक होता तो सेकंदाच्या हजाराव्या भागांचा!

म्हणजे प्रकार असा. नसेच्या बाहेर कॅल्शियम भरपूर, आत जवळजवळ नाहीच, दहा हजार पटींचा फरक. विजेची लहर टोकाशी आली की तिथली दारं क्षणभर उघडतात. बाहेरचं कॅल्शियम आत घुसतं आणि तेच पुड्या सोडण्याचं कुलूप उघडतं. वीज दारापर्यंतच येते, किल्ली फिरवतं ते कॅल्शियम. त्यांच्याच विभागात 1967 मध्ये आणखी एक गोष्ट मोजली गेली. कॅल्शियमचं प्रमाण कमी असताना ते आणखी निम्मं केलं तर पुड्या निम्म्या होत नाहीत, सोळाव्या हिश्शाच्या आसपास येतात. म्हणजे एका किल्लीने भागत नाही, तीन-चार एकदम लागतात.

आणि मॅग्नेशियम? ते दारातच आडवं उभं राहतं, कॅल्शियमला आत शिरू देत नाही. फिट थांबवण्याचं त्याचं मुख्य काम मेंदूकडचं असतं, असं मॅडमनी सांगितलं. पण प्रमाण वाढलं की नसेच्या टोकापाशी ही अडवणूक सुरू होते. पाय उडत नाही, मग श्वास मंदावतो. अशा वेळी शिरेतून कॅल्शियम दिलं की किल्ल्या पुन्हा पुरेशा होतात. त्या ट्रेमधल्या काचेच्या कुपीचा अर्थ मला आत्ता कळला.

कॅट्झ यांना 1969 मध्ये ‘सर’ हा किताब मिळाला आणि 1970 मध्ये नोबेल, स्वीडनचे उल्फ फॉन ऑयलर आणि अमेरिकेचे ज्युलियस ॲक्सेलरॉड यांच्याबरोबर. 1952 पासून 1978 पर्यंत ते युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये आपल्या विभागाचे प्रमुख होते. त्यांच्या प्रयोगशाळेकडे नजर टाका. स्पेनचा एक, मेक्सिकोचा एक, इस्रायलचा एक. आणि 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला बेर्ट साकमान नावाचा जर्मनीचा एक तरुणही आला. ज्या देशाने हाकललं, त्या देशाच्या मुलाला त्यांनी हिल यांच्यासारखंच जवळ केलं. या साकमान यांना 1991 मध्ये एर्विन नेअर यांच्याबरोबर नोबेल मिळालं. कॅल्शियम ओळखणारं ते कुलूप म्हणजे नेमकं कोणतं प्रथिन, हे थॉमस स्यूडहॉफ यांनी पुढे दाखवलं, त्यांना 2013 मध्ये नोबेलचा वाटा मिळाला.

कॅट्झ स्वभावाने अबोल, मोजकं लिहिणारे. 1999 मध्ये रिटाबाई गेल्या. 20 एप्रिल 2003 रोजी, ब्याण्णव वर्षांचे होऊन, लंडनमध्ये त्यांनी देह ठेवला.

हे सगळं वाचून झाल्यावर मला दोन गोष्टी पुन्हा पुन्हा आठवत राहिल्या. एक, पडद्यावरच्या त्या टिचटिच उड्या. आणि दुसरी, आमच्या वस्तीतल्या पोरीची डोकेदुखी. दोन्ही वेळा अंग काहीतरी सांगत होतं. तिथे कुणीतरी थांबून ऐकलं. इथे आम्ही सगळ्या बायकांनी मिळून, होतंच असं, म्हणून सोडून दिलं. सिस्टरनी दर चार तासांनी हातोडी वाजवून चूक निस्तरली, म्हणून निभावलं.

म्हणून कळकळीने सांगते, पाचव्या महिन्यानंतर डोकं सतत दुखत असेल, डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तोंडावर-हातावर सूज असेल, तर त्याच दिवशी रक्तदाब तपासून घ्या. उद्यावर टाकू नका. चौथ्या महिन्यापासून सरकारी दवाखान्यात कॅल्शियमच्या गोळ्या मिळतात, त्या नेमाने घ्या, पण लोहाच्या गोळीबरोबर एकाच वेळी नको. दोन्हींत काही तासांचं अंतर ठेवा. आणि नसांना ताकद येते म्हणून कुणी मनानेच जास्त गोळ्या घेत असेल, तर तिला थांबवा. रक्तातलं कॅल्शियम शरीर स्वतःच मोजूनमापून सांभाळतं, वेळ पडली तर हाडांतून काढून घेतं. जास्तीच्या गोळ्यांनी नसा काही बळकट होत नाहीत.

ती पोरगी आता बरी आहे. तिचं बाळ परवा मंडळात आलं होतं, दुडुदुडु चालत. मी त्याच्या पायांकडे बराच वेळ बघत होते. प्रत्येक पावलाला आत किती कुलुपं उघडत असतील! आणि ती शोधणारा माणूस एके काळी चार पौंड घेऊन परक्या बंदरावर उभा होता. एका घराने त्याला आत घेतलं होतं.